चित्रांचे पुस्तक आणि पोराच्या हातची केरसुणी

(कार्ले येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज पाऊस फार आहे. तरी तुम्ही आलात. कडेवर पोरे घेऊन आलात. आम्हाला बरे वाटले. आजचा विषय त्या कडेवरच्या पोरांचाच आहे.

लहान मुलांसाठी चित्रांची पुस्तके निघतात, ती तुम्ही अंगणवाडीत पाहिली असतील. त्यांतली काही घरातल्या साध्या कामांवर असतात. केर काढणे, शेंगा सोलणे, अंथरूण घालणे, कपड्यांच्या घड्या करणे. अशी पुस्तके मुलाला मांडीवर घेऊन पाहिली, तर त्याला कामाची गोडी लागते. ती कशी लागते, आणि कधी कधी आपणच ती कशी घालवतो, ते आज बोलू.

आधी आमचीच एक चूक सांगतो.

आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढे डी.एड. केले, शिक्षक झालो, मुख्याध्यापक म्हणून सेवानिवृत्त झालो. एका शाळेत आम्ही बरीच वर्षे होतो. तिथे आमचा नियम होता. जो उशिरा येईल त्याने व्हरांडा झाडायचा. ज्याचे पाढे चुकतील त्याने पिण्याच्या पाण्याचे मडके भरायचे. शाळा स्वच्छ राहायची. साहेब तपासणीला आले की शाबासकी देऊन जायचे. शनिवारी वर्ग सारवायचा असला, की ते काम न सांगता मुलींकडे जायचे. मुले मैदानावर हुतूतू खेळायची. यात काही वावगे आहे असे आमच्या मनातसुद्धा आले नाही.

दोन वर्षांपूर्वी आमचा नातू सुट्टीत आला होता. तेव्हा चार वर्षांचा होता. जेवण झाल्यावर आम्ही त्याला सहज म्हणालो, "बाळा, आपलं ताट मोरीत ठेव बरं." तो आमच्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "आजोबा, मी काय केलं?"

आम्हाला आधी उमगेना. मग सूनबाई म्हणाली, "अण्णा, तो हट्टाला पेटला की हे त्याला काम लावतात. त्याला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं."

'हे' म्हणजे आमचा मुलगा. तो आमच्याच शाळेत शिकलेला. व्हरांडाही झाडलेला.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. अडतीस वर्षे आम्ही शिकवले. त्यातले गणित, भूगोल पोरे विसरली असतील. पण काम म्हणजे शिक्षा, हा धडा मात्र पक्का बसला होता, आणि तो नातवापर्यंत येऊन पोचला होता.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या ताईंकडून आम्ही एक पुस्तक मागून आणले. पुठ्ठा फाटलेला, पण आतली पाने शाबूत. त्यात एक आजी आणि एक पोर मटार सोलत बसले आहेत. एक दाणा निसटतो. तो पानापानांतून पळतो. खाटेखाली जातो, मांजराच्या शेपटीजवळ जातो, चपलेत जाऊन बसतो. प्रत्येक पानावर दाणा शोधायचा. आमच्या नातवाने ते पुस्तक पाच वेळा पाहिले. मग म्हणाला, "आजोबा, आपल्याकडे मटार आहे का?"

मटार नव्हता. आम्ही छत्री घेतली आणि जाऊन आणला. पोराने तासभर बसून अर्धा किलो मटार सोलला. निम्मे दाणे तोंडात गेले, थोडे खाटेखाली गेले. ते त्याने मुद्दामच घालवले होते, शोधायला मिळावेत म्हणून. आम्ही त्याला 'काम कर' असे एकदाही म्हटले नव्हते.

आता यात पुस्तकाने काय केले? पोराला काम करायची इच्छा मुळात असतेच. ती पुस्तकाने आणून दिली नाही. २००६ साली जर्मनीत लाइपझिग येथे संशोधकांनी दीड वर्षाची मुले पाहिली. एक माणूस दोरीवर कपडे वाळत घालतो. त्याच्या हातून चिमटा खाली पडतो, आणि हात तिथवर पुरत नाही. पोराला कोणी काही सांगत नाही. तरी बहुतेक पोरे कधी ना कधी उठून मदतीला गेली, चिमटा उचलून दिला. दीड वर्षाची पोरे! ज्यांना धड चालता येत नाही, ती.

आपल्या घरात काय होते ते आठवा. दोन वर्षांचे पोर केरसुणी मागते. आपण म्हणतो, "ठेव ती. पसारा करशील." ते पिठात हात घालते. आपण म्हणतो, "जा, बाहेर खेळ." तेच पोर आठ वर्षांचे झाले की आपण ओरडतो, "एवढा घोडा झालास, साधी केरसुणी उचलता येत नाही?" आता कशी येणार? त्याला हवी होती तेव्हा आपण ती हिसकावून घेतली होती.

बाजारातून आपण भातुकली आणतो. लाकडी चूल, पितळेची कढई, नखाएवढा पोळपाट. पोरगी त्यावर तासन् तास खोटा भात शिजवते. चुलीपाशी आली की मात्र 'हो बाजूला.' चूल धोक्याची, हे खरे आहे. पण तांदूळ निवडण्यात धोका कसला आहे? लसूण सोलण्यात, चमचे पुसण्यात, कोंबड्या मोजून डालग्याखाली घालण्यात काय धोका आहे? धोका नसतो, वेळ जातो. आपल्याला घाई असते. त्या घाईत पोराची दोन वर्षे निघून जातात.

पुस्तक इथे उपयोगी पडते. पुस्तकात घाई नसते. पोर एका पानावर हवा तितका वेळ थांबते. चित्रातली आजी 'लवकर आवर' म्हणत नाही. काम कसे होते ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत पोराला डोळ्यांनी दिसते. आधी सुपात शेंगा आहेत, मग दाणे एकीकडे आणि टरफले एकीकडे, मग सूप रिकामे. आपण मोठी माणसे काम करून टाकतो, दाखवत नाही.

दाखवण्यावरून एक जुनी गोष्ट आठवली. इटली देशात डॉक्टर मारिया माँटेसरी नावाच्या बाई होऊन गेल्या. १९०७ सालच्या जानेवारीत रोम शहरातल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी एक बालगृह उघडले. आईबाप कामावर गेलेली, दिवसभर जिन्यांवर उंडारणारी पोरे तिथे आली. बाईंनी त्यांना लहान केरसुण्या दिल्या, लहान टेबलखुर्च्या दिल्या. एक दिवस बाईंनी मुलांना नाक कसे शिंकरावे ते दाखवले. रुमाल कसा काढायचा, आवाज न करता नाक कसे पुसायचे, रुमाल परत कसा ठेवायचा. पोरे डोळे लावून बघत होती. बाईंचे दाखवून झाले, आणि सगळ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या! बाईंना नवल वाटले. मग त्यांच्या लक्षात आले की या पोरांना नाकावरून सगळ्यांनी हिणवले होते. 'शेंबडा, शेंबडा' म्हणून सगळे बोलत. नाक पुसायचे कसे, ते मात्र कोणी कधी दाखवले नव्हते.

माँटेसरीबाई १९३९ साली हिंदुस्थानात आल्या आणि महायुद्धामुळे काही वर्षे इथेच राहिल्या. पण त्यांचा विचार त्याआधीच इकडे पोचला होता. १९२० साली भावनगरला गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर काढले. आपल्या ताराबाई मोडक १९२३ साली तिथे गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे ताराबाईंना वाटले, हे सारे शहरातल्या खात्यापित्या घरच्या मुलांपुरते राहिले, तर त्याचा उपयोग काय? म्हणून १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागडी विलायती साधने त्यांनी बाजूला ठेवली. शिंपले, बिया, खडे, झाडाची पाने, अशा गावातल्या वस्तूंनीच त्यांनी शिकवले. पोरे बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. आज आपण 'अंगणवाडी' म्हणतो, तो शब्द तुमच्या तोंडी येतो त्यामागे हे कष्ट आहेत. सरकारची एकात्मिक बालविकास योजना त्यानंतर, १९७५ साली आली.

चित्रे आणि कामे यांची सांगड तर त्याहून पुष्कळ जुनी आहे. १६५८ साली युरोपात कोमेनियस नावाच्या शिक्षकाने मुलांसाठी एक पुस्तक छापले. सुमारे दीडशे चित्रे. त्यात आकाश होते, पशुपक्षी होते, आणि त्यांच्या बरोबरीने पाव भाजणारा, विणकर, सुतार हेही होते. मुलांसाठी छापलेल्या पहिल्या चित्रमय पाठ्यपुस्तकांत त्याची गणना होते.

पण इतके लांब कशाला जायचे? चिमणी आणि कावळ्याची गोष्ट तुम्हा सर्वांना येते. कावळ्याचे शेणाचे घर वाहून जाते. तो चिमणीच्या दाराशी भिजत उभा राहतो. चिमणी काय करत असते? कामे! बाळाला न्हाऊ घालते, अंग पुसते, काजळ घालते, झोपवते. एक काम संपले की दुसरे. आपल्या आज्यांनी पिढ्यान् पिढ्या ही कामांची यादीच गोष्ट म्हणून सांगितली, आणि पोरांनी ती 'आणखी एकदा' म्हणून ऐकली. एकही काम गाळले तर पोर चूक काढते. करून पाहा.

मोठ्या माणसांनासुद्धा कामात गोडी लागतेच. जात्यावर बसले की ओवी सुचायची. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आपल्या जिल्ह्यातल्या, मुळशीकडच्या डोंगरातल्या बायकांच्या ओव्याही त्यांत आहेत. दळण काही हलके काम नव्हते. खांदे भरून यायचे. तरी तोंडात गाणे होते.

आता पुस्तके कोणती आणि ती मिळतात कुठे, ते थोडक्यात सांगतो. पुण्याच्या माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' ही लहान पुस्तकांची मालिका ज्योत्स्ना प्रकाशनाने काढली आहे. लिहिणेही त्यांचे आणि चित्रेही त्यांचीच. एका लहान मुलीच्या घरातली माणसे एकेका पुस्तकात भेटतात. उपदेश नाही. घर जसे असते तसे आहे. त्यांना २०१४ साली साहित्य अकादेमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांचे 'चित्रवाचन' नावाचेही एक पुस्तक आहे. त्यात मोठी चित्रे पाहायची आणि त्यांवर बोलायचे. दुसरी संस्था प्रथम बुक्स. ती २००४ साली निघाली आणि स्वस्त पुस्तके अनेक भाषांत काढते. २०१५ पासून त्यांच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर हजारो पुस्तके फुकट पाहता येतात, मराठीतली सुद्धा. पहिल्या पायरीच्या पुस्तकात एका पानावर मोजकेच शब्द असतात. तुमच्यापैकी ज्यांची बाराखडी नुकतीच पुरी झाली आहे, त्यांना ती पुस्तके मुलाइतकीच उपयोगी आहेत. मात्र मोबाइल पोराच्या हातात देऊन स्वतः उठू नका. पुस्तक पाहायचे ते दोघांनी.

इथे तुमच्यातल्या कोणाच्या मनात येईल, "गुरुजी, आम्हालाच धड वाचता येत नाही. पोराला काय वाचून दाखवणार?"

ही शंका आपल्या वर्गातल्या एका बाईंनी गेल्या वर्षी बोलून दाखवली. त्यांचे नाव सांगत नाही. त्या इथेच बसल्या आहेत, आणि आता तोंडाला पदर लावून हसत आहेत. त्या सकाळी दोन बंगल्यांवर भांडी आणि केरफरशी करतात. आपल्या कार्ले-मळवली भागात बंगले आणि हॉटेले झाली, तेव्हापासून बऱ्याच घरच्या बाया हे काम करतात. दुपारी त्या रानात जातात, संध्याकाळी घरचे सगळे बघतात, आणि रात्री इथे वर्गाला येतात. त्यांचा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. अंगणवाडीत एकदा सगळ्या पोरांना विचारले, "तुझी आई काय करते?" हा म्हणाला, "काही नाही."

बाईंनी हे आम्हाला अगदी सपाट आवाजात सांगितले. रडल्या नाहीत की रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "त्याचं तरी काय चुकलं? तो उठतो तोवर माझं निम्मं काम झालेलं असतं. त्याला दिसतच नाही."

आम्ही त्यांना एक चित्रांचे पुस्तक दिले आणि म्हणालो, "वाचू नका. नुसतं पोराला घेऊन बघा." दोन दिवसांनी त्या पुस्तक परत घेऊन आल्या आणि एका पानावर बोट ठेवले. पानावर एक बाई केर काढते आहे. त्या म्हणाल्या, "गुरुजी, हे चित्र ज्यानं काढलं ना, त्यानं जन्मात केर काढलेला नाही. एवढं ताठ उभं राहून केरसुणीनं केर निघतो व्हय? आणि ही वाऱ्याकडं तोंड करून झाडतीया. सगळा केर हिच्याच तोंडावर येणार."

आम्ही ते चित्र दहा वेळा पाहिले होते. आमच्या ध्यानात आले नव्हते. कारण आम्ही केर काढायला लावला, काढला कधी नाही.

"हे पोराला सांगितलंत का?" आम्ही विचारले.

"सांगितलं की. त्यानं मग वाकून करून दाखवलं. म्हणला, अशी का? म्हटलं, हां, अशी. सगळं घर झाडलं त्यानं. मागनं मला परत झाडावं लागलं, ते सोडा."

मंडळी, अक्षर न येणाऱ्या बाईने पुस्तकातली चूक काढली होती. शिकल्या माणसालाही न दिसणारी चूक काढली होती. आम्ही म्हणालो, "मग तुम्हीच एक पुस्तक करा." त्या 'इश्श' म्हणून निघून गेल्या. पण पोराने ते ऐकले होते. त्याने पिच्छा सोडला नाही.

मग इथेच, या सतरंजीवर, ते पुस्तक तयार झाले. जुन्या दिनदर्शिकेची पाठकोरी पाने घेतली. सुई-दोऱ्याने मधोमध शिवली. बाई म्हणाल्या, "मला चित्र येत नाही." आम्ही म्हणालो, "रांगोळी कोण काढतं दारात?" तेव्हा त्यांनी पेन्सिल धरली, आणि आधी ठिपके मांडले! ठिपके जोडून हंडा काढला, काथवट काढली, सूप काढले. हात जरासुद्धा हलला नाही. डाव्या पानावर आई, उजव्या पानावर मुलगा. आई हंडा भरते, मुलगा तांब्या भरतो. आई भाकरी थापते, मुलगा पिठाचा गोळा थापतो. आई भांडी घासते, मुलगा वाट्या उपड्या घालतो. प्रत्येक चित्राखाली एक ओळ. ती ओळ बाईंनी स्वतः लिहिली. 'आई भाकरी थापते' हे त्यांच्या हातचे पहिले पूर्ण वाक्य. 'भाकरी'तला 'भ' तीनदा खोडला, पण लिहिला.

पोर आईला एकेक विचारायचे, "आणखी काय करतेस?" ती आठवून सांगायची. पाने कमी पडली. मोजले तेव्हा एका दिवसाची एकोणीस कामे भरली. त्यांतली बंगल्यावरची वेगळी.

मुखपृष्ठावर नाव काय घालायचे, असा प्रश्न आला. बाई म्हणाल्या, "माझं नको, लोक हसतील." तेव्हा आम्ही त्यांना आपल्या डोंगरावरची एक गोष्ट सांगितली. तुम्ही सगळ्या एकवीरा आईच्या दर्शनाला जाता. देवळाला लागूनच मोठे लेणे आहे. त्याच्या दर्शनी भागावर जुन्या ब्राह्मी अक्षरांत लेख कोरले आहेत. त्यांत राजांची नावे आहेत, शेठसावकारांची आहेत, आणि एका सुताराचेही नाव आहे. सामी त्याचे नाव. वेणुवासाचा मुलगा, धेनुकाकट गावचा. त्याने दाराचे काम केले, असे तिथे लिहिलेले आहे. दोन हजार वर्षांच्या आसपासची ही गोष्ट. सुताराने आपले नाव लावले, कोणी हसले नाही. बाईंनी मग स्वतःचे नाव घातले, खाली पोराचेही घातले.

ते पुस्तक पुरे झाल्यावर पोराने एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिले आणि विचारले, "बाबांचं पान कुठे आहे?"

वर्गातल्या सगळ्या बाया हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी शेवटी एक कोरे पान शिवले आणि पोराला म्हणाल्या, "बाबा घरात काय काम करतात ते बघ, आणि मला सांग. मग काढू." पान दोन आठवडे कोरे राहिले. पोर रोज संध्याकाळी पेन्सिल घेऊन बापाच्या मागे मागे फिरायचे. बाप लोणावळ्याला टेम्पो चालवतो, दमून येतो, हेही खरे आहे. शेवटी एक दिवस तो उठला आणि त्याने आपला जेवणाचा डबा स्वतः घासला. पोर ओरडत आमच्या घरी आले. आता त्या पानावर चित्र आहे, खाली ओळ आहे, 'बाबा डबा घासतात.' त्यांनी तो एकदाच घासला की रोज घासतात, ते आम्ही विचारले नाही.

हे सगळे ऐकून कोणी पोरांना लगेच कामाला जुंपू नका. म्हणून एक कडू गोष्टही सांगावी लागते.

आमच्या शाळेत तिसरीत एक मुलगी होती. हुशार. भाताची आवणी आली की ती महिनाभर येत नसे. धाकटे भावंड सांभाळायची, भाकरी घेऊन बांधावर जायची. आम्ही हजेरीपटात 'गैरहजर' लिहायचो. शेरा मारायचो. तिच्या घरी मात्र एकदाही गेलो नाही. चौथीत ती आलीच नाही. पुढे कधीतरी एका पुस्तकात आम्ही एक चित्र पाहिले. लहान मुलगी, कडेवर भावंड, डोक्यावर टोपले, तोंडावर हसू. रंग फार सुरेख होते. आम्हाला ते पान पुढे पाहवले नाही.

तेव्हा पुस्तक निवडताना एवढे बघा. चित्रातल्या पोराला ते काम अर्धवट टाकून पळता येईल का? मटार सोलता सोलता उठून पळाले तर काही बिघडत नाही. कडेवरचे भावंड टाकून पळता येत नाही. पहिले खेळातले काम, दुसरे ओझे. आणि हेही बघा, की झाडायला नेहमी मुलगी आणि झाडावर चढायला नेहमी मुलगा, असे तर नाही ना. असले तर पुस्तक परत करायची गरज नाही. पोरालाच विचारा, "हा दादा बसून का राहिलाय?" पोरे फार चांगली उत्तरे देतात.

बक्षिसाचे एक राहिले. "झाडून काढ, मग चॉकलेट देते," असे पुष्कळ आया म्हणतात. त्याच लाइपझिगच्या संशोधकांनी २००८ साली हेही करून पाहिले. मदत केल्यावर ज्या पोरांना दर वेळी वस्तू दिली, ती पोरे पुढे वस्तू बंद झाल्यावर कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच दिले नव्हते, ती करतच राहिली. तेव्हा चॉकलेट नको. पुस्तक पाहून झाले की त्याच दिवशी, जमल्यास त्याच घटकेला, तेच काम पोराच्या हाती द्या. हाताला झेपेल अशी वस्तू द्या. लहान सुपली, तुटकी असली तरी चालेल अशी आखूड केरसुणी, जुन्या लुगड्याचे फडके. विळी, चूल, विहीर आणि उकळते पाणी यांपासून लांब ठेवा. काम वेडेवाकडे होईल. होऊ द्या. पोराने घातलेली घडी त्याच्यासमोर मोडून पुन्हा घालू नका. घालायचीच असेल, तर ते झोपल्यावर घाला.

हे शेवटचे आम्हाला कोणी शिकवले, ते सांगून थांबतो. गेल्या गुरुवारी वर्ग सुटला, तेव्हाही असाच पाऊस होता. बाहेर ओसरीवर बघतो तर चिखलाच्या सगळ्या चपला जोडीजोडीने, भिंतीला टाचा लावून, एका ओळीत मांडलेल्या. बाईंचा तोच मुलगा हात मागे बांधून शेजारी उभा. हाताला, सदऱ्याला, नाकालासुद्धा चिखल. बाया आपापल्या चपला घालून त्याच्याकडे बघत निघाल्या. आमची उजवी चप्पल ओळीच्या एका टोकाला एका जोडव्यांवाल्या आजींच्या डावीशेजारी होती, आणि आमची डावी दुसऱ्या टोकाला. आम्ही पोराला म्हणालो, "वा, काय छान मांडल्या आहेत!" आणि खिशातला चष्मा शोधत असल्यासारखे करत उभे राहिलो. आजीही तशाच उभ्या राहिल्या, त्यांनी छत्री झटकायला घेतली. पोर आईच्या मागे पायऱ्या उतरून वळणाआड गेले, तेव्हा आम्ही दोघांनी चपला बदलल्या.